दोन दशांश सेकंद

कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी खोऱ्यात एल कॅपिटान नावाचा ग्रॅनाइटचा सरळसोट कडा आहे. पायथ्यापासून माथ्यापर्यंत सुमारे ९०० मीटर. त्याच्या 'डॉन वॉल' या भागावर टॉमी कॉल्डवेल आणि केव्हिन जॉर्गसन २७ डिसेंबर २०१४ रोजी चढू लागले आणि १४ जानेवारी २०१५ रोजी माथ्यावर पोहोचले. दोर होता तो पडल्यावर अडवण्यापुरता, चढायचं ते फक्त हातापायांनी. सोळाव्या टप्प्यावर कातळ जवळजवळ गुळगुळीत होतो. एका होल्डपासून, म्हणजे धरायच्या जागेपासून, पुढचा होल्ड आडव्या दिशेला अडीच मीटरच्या आसपास आहे आणि मधे धरायला काही नाही. जॉर्गसनने तिथे झेप घेतली. चारही हातपाय कातळावरून सुटले, शरीर बाजूला उडालं आणि बोटं पलीकडच्या कडेवर बसली. कॉल्डवेलला ती झेप पुष्कळ प्रयत्न करूनही बसली नव्हती. तो खाली उतरला, लांबचा वळसा घालून पलीकडे गेला, आणि तो वळसाही भल्याभल्यांना न जमणारा होता.

कॉल्डवेल ताकदीत किंवा अनुभवात कमी होता असं कुणीच म्हणणार नाही. २००१ मध्ये अपघातात डाव्या हाताची तर्जनी गमावल्यानंतरही तो योसेमिटीतला अव्वल आरोहक राहिला होता. तरीही त्या एका हालचालीला त्याच्या ताकदीने दार उघडलं नाही. झेप हे वेगळं कौशल्य आहे. त्याचा अभ्यास वेगळा, त्याची भीती वेगळी, आणि ते शिकण्याची रीतही वेगळी.

प्रस्तरारोहणाच्या कुठल्याही प्राथमिक शिबिरात पहिला धडा मात्र याच्या नेमका उलटा असतो. दोन हात, दोन पाय. त्यांतले तीन कायम कातळावर टेकलेले असायला हवेत, एका वेळी एकच हलवायचा. हा धडा घोकून घेतला जातो आणि त्यामागे अनुभव आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास नायलॉनचे दोर येईपर्यंत गिर्यारोहक वनस्पतींच्या धाग्यांचे दोर वापरत. ते फारसे ताणले जात नसत आणि मोठ्या झटक्याला तुटण्याची धास्ती असे. म्हणून पुढे चढणाऱ्याने पडायचंच नाही, हा त्या काळचा अलिखित कायदा होता. ज्याला पडण्याची मुभा नाही, त्याने हात सोडून वर झेपावणं म्हणजे बेजबाबदारपणा. सावकाश, आधार तपासत, तोल न ढळू देता चढणारा तोच कुशल, असं दोन-तीन पिढ्यांनी मनाशी पक्कं केलं. उडी मारून होल्ड पकडणाऱ्याला तंत्र येत नाही म्हणून तो उडी मारतो, असा शेरा त्याच्यावर बसे.

या समजाला तडा दिला तो एका गणितज्ञाने. जॉन गिल यांचा जन्म १९३७ चा, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातला. १९५० च्या दशकात जॉर्जिया टेक या संस्थेत शिकताना ते जिम्नॅस्टिक्सकडे वळले. तेव्हा जिम्नॅस्टिक्समध्ये दोर चढण्याची एक स्पर्धा असे: जमिनीवर बसून सुरुवात करायची आणि वीस फूट दोर फक्त हातांनी, घड्याळ लावून चढायचा. गिल त्यात रमले. हाताला घाम येऊ नये म्हणून जिम्नॅस्ट मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी पूड लावतात. ती पूड त्यांनी कातळावर नेली. आज जगातल्या बहुतेक आरोहकांच्या कमरेला लटकणारी चॉक बॅग ही त्या सवयीची देणगी आहे.

पण पुडीपेक्षा मोठी गोष्ट त्यांनी नेली ती दृष्टी. रिंगवर किंवा आडव्या बारवर झोका घेऊन शरीर वर नेणं ही जिम्नॅस्टिक्समध्ये लबाडी नसते. झोका किती नेमका, सुरुवातीपासून शेवटापर्यंत किती ताब्यात, यावरच तिथे गुण मिळतात. मग कातळावर तोच झोका कमअस्सल का ठरावा? वायोमिंगमधल्या टेटन पर्वतरांगेत जेनी लेक नावाचं सरोवर आहे. त्याच्या काठच्या मोठमोठ्या दगडांवर गिल यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अशा काही चढाया केल्या, की ज्यांच्यावर पुढच्या पिढीतल्या उत्तम आरोहकांचीही दमछाक झाली. चार-पाच मीटर उंचीच्या दगडाला त्यांनी शिखराइतकं गांभीर्याने घेतलं. १९६९ मध्ये 'अमेरिकन अल्पाइन जर्नल'मध्ये त्यांचा 'द आर्ट ऑफ बोल्डरिंग' हा लेख आला आणि दगडांवरची ही साधना स्वतंत्र कला म्हणून मांडली गेली. पुढे ते कोलोरॅडोत गणिताचे प्राध्यापक झाले. हवेत झेपावणारं शरीर कोणत्या वक्रावरून जातं हे त्यांना फळ्यावर मांडता येत होतं आणि दगडावर करून दाखवताही येत होतं. असा योग क्वचितच जुळतो.

तो वक्र इथे थोडा सविस्तर पाहायला हवा, कारण सगळी गोम त्यातच आहे.

समजा, आरोहकाला शरीर ५० सेंटिमीटर वर फेकायचं आहे. त्यासाठी कातळ सोडताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३.१ मीटर लागतो. सोडल्या क्षणापासून गुरुत्वाकर्षण तो वेग खात जातं आणि साधारण ०.३२ सेकंदांनी, सर्वांत वरच्या बिंदूवर, वेग शून्य होतो. त्यानंतर शरीर खाली येऊ लागतं. आता वरचे शेवटचे पाच सेंटिमीटर तेवढे बघा. ते चढायला ०.१ सेकंद लागतो आणि तेवढंच खाली यायला आणखी ०.१ सेकंद. म्हणजे वर जाऊन परत खाली येण्याच्या एकूण वेळातला जवळजवळ एक तृतीयांश वेळ शरीर उंचीच्या सर्वांत वरच्या दहाव्या हिश्श्यात काढतं. तिथे ते जवळपास स्थिर असतं. बांधकामावर खालचा मजूर वीट वर फेकतो आणि वरच्या मजल्यावरचा तिला पकडतो, तेव्हा तो वर येणाऱ्या विटेवर झडप घालत नाही. वीट जिथे क्षणभर थबकते तिथे त्याचा हात आधीच असतो, म्हणून ती अलगद हाताला लागते. आरोहकाचं शरीर ती वीट आहे आणि पकडणारा हातही त्याचाच आहे.

या थबकण्याच्या बिंदूला आरोहक 'डेडपॉइंट' म्हणतात. हात तिथे वेळेवर पोहोचला तर बोटांना शरीराचं वजन हळूहळू पेलता येतं, नखाएवढ्या कडेवरही. उशीर झाला, शरीर वीस सेंटिमीटर खाली घसरल्यावर बोटं होल्डवर पडली, तर त्या बोटांना सेकंदाला दोन मीटर वेगाने खाली जाणारं शरीर अडवावं लागतं. होल्ड तोच, माणूस तोच, बोटांची ताकद तीच. फरक फक्त त्या दोन दशांश सेकंदांचा. जे होल्ड ताकद कमी पडली म्हणून सुटले असं आरोहकाला वाटतं, त्यांतले पुष्कळ खरं तर वेळ चुकल्याने सुटलेले असतात.

झेप म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो हवेत उडालेला माणूस. छायाचित्रांत तो छान दिसतो, पण रोजच्या चढाईत गतीचा उपयोग त्याहून पुष्कळ लहान असतो. पाय कातळावरच असतात, एक हातही असतो. फक्त कंबर किंचित खाली जाते, मग वर आणि भिंतीकडे सरकते, आणि त्या लाटेच्या माथ्यावर दुसरा हात पुढच्या होल्डवर जातो. पाहणाऱ्याला यात उडी दिसतही नाही. हीच हालचाल संथपणे करायची झाली, तर एका हाताने शरीर ओढून कोपर वाकवलेल्या अवस्थेत रोखून धरावं लागतं आणि तेवढ्या वेळात दुसरा हात सावकाश वर न्यावा लागतो. त्या रोखून धरण्यात दंड आणि कोपराखालचे स्नायू लवकर थकतात. उंच भिंतीवर अशा तीस-चाळीस हालचाली ओळीने असतात. तिथे गतीचा वापर हा साहसापेक्षा काटकसरीचा भाग असतो. डेल गॉडर्ड आणि उडो नॉयमन यांच्या १९९३ च्या 'परफॉर्मन्स रॉक क्लाइंबिंग' या पुस्तकाने अशा हालचालींचं शिस्तशीर विवेचन केलं, आणि तेव्हापासून डेडपॉइंट हा प्रशिक्षणाचा नेहमीचा विषय बनला.

शिकणारा माणूस पहिली चूक करतो ती हातांनी. होल्ड लांब आहे म्हटल्यावर तो कोपरं वाकवून स्वतःला वर ओढतो आणि ओढून झाल्यावर उडी मारायला बघतो. तोवर हातांची कमाई संपलेली असते आणि गुडघे अर्धवट सरळ झालेले असतात. उंची मिळवून देतात ते पाय, कारण मांडीचे आणि नितंबाचे स्नायू हे शरीरातले सर्वांत मोठे स्नायू. म्हणून सुरुवात सरळ हातांनी आणि वाकलेल्या गुडघ्यांनी करायची. शरीर आधी खाली जाऊ द्यायचं आणि तळाशी न थांबता उसळून वर यायचं. स्नायू ताणला गेल्यावर लगेच आकुंचन पावला तर तो जास्त जोर देतो. म्हणूनच जमिनीवरही गुडघ्यात झटकन वाकून मारलेली उडी ही वाकलेल्या स्थितीत थांबून मारलेल्या उडीपेक्षा उंच जाते. तळाशी थांबलं की हा फायदा विरून जातो. काही जण उडीआधी पाच-सहा वेळा नुसते खालीवर होतात. त्यातून अंदाज येण्याऐवजी दम जातो. एक किंवा दोन झोके पुरेत.

दुसरी चूक दिशेची. होल्ड वर आहे म्हणून शरीर सरळ वर फेकलं, तर बाहेर झुकलेल्या भिंतीवर गुडघे आणि छाती आडवी येतात. भिंतीला लाथ मारून बाहेर फेकलं, तर हात पोहोचेपर्यंत शरीर लांब गेलेलं असतं. खरा मार्ग वाकडा असतो: आधी थोडं बाहेर, मग वर, आणि शेवटी कंबर भिंतीकडे आत. हा शेवटचा भाग शिकायला सर्वांत अवघड, कारण तो दिसत नाही, जाणवावा लागतो. आणखी एक बारकावा म्हणजे नजर. सुरुवातीला पाय नीट बसलेत की नाही ते बघायचं, पण एकदा शरीर खाली जाऊ लागलं की डोळे पुढच्या होल्डवर, आणि होल्डवरही ज्या जागी बोटं बसायची आहेत नेमक्या त्या जागी. बोटं मिटेपर्यंत नजर हलता कामा नये. आणि नेम होल्डच्या थोडा वर धरायचा, म्हणजे हात वरून त्यावर बसतो. खालून ओरबाडत गेलेली बोटं कडेवर टेकली तरी बसत नाहीत.

एवढं सगळं सांगून कुणाला झेप येत नाही, आणि याचं कारण शोधायला शंभर वर्षं मागे, मॉस्कोत जावं लागतं.

१९२० च्या दशकात निकोलाय बर्नस्टाइन हा तरुण शास्त्रज्ञ तिथल्या श्रमविषयक संस्थेत कामगारांच्या हालचालींचा अभ्यास करत होता. छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कसबी कामगारांच्या सांध्यांवर त्याने छोटे दिवे लावले आणि हालचालींचं चित्रण केलं. हातोडा दर वेळी नेमका जागेवर पडत होता. पण खांदा, कोपर, मनगट यांचे मार्ग मात्र प्रत्येक घावाला वेगळे होते! म्हणजे कसबी हाताने एकच एक हालचाल पाठ केलेली नव्हती; दर वेळी तो त्याच प्रश्नाचं नव्याने उत्तर काढत होता. नवशिक्याचं उलट असतं. एवढे सांधे एकाच वेळी सांभाळणं जमत नाही म्हणून तो त्यांतले बरेचसे घट्ट आवळून धरतो. भिंतीवर पहिल्यांदा चढलेल्या माणसाचे ताठ खांदे, भिंतीला चिकटलेली छाती, आखडलेली कंबर पाहिली की बर्नस्टाइनचं म्हणणं लगेच पटतं. तीन आधारांचा नियम अशा माणसाला फार आवडतो, कारण तो त्याला आवळून राहण्याची परवानगी देतो. गती शिकणं म्हणजे हे आवळलेले सांधे एकेक करून मोकळे करणं.

त्यामुळे चांगला प्रशिक्षक शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी लांब उडी मारायला लावत नाही. किंचित बाहेर झुकलेली भिंत, हातात भरपूर मोठे होल्ड, पाय ठेवायला रुंद जागा. तिथे आधी होल्ड पकडायचाच नाही, नुसता तळव्याने शिवायचा आणि मूळ जागी परत यायचं. पकडण्याची जबाबदारी नसली की शरीर लाटेसारखं हलू लागतं आणि थबकण्याचा बिंदू जाणवतो. मग तीच हालचाल डाव्या हाताने. मग होल्ड वीतभर लांब. मग पाय एका बाजूला सरकवून. मग पकडायचं. यात घाई करणाऱ्याला आठवड्यात मोठी उडी जमल्यासारखी वाटते, पण ती त्या एकाच भिंतीवरची, त्या एकाच होल्डची उडी असते.

१९७९ मध्ये जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन यांनी केलेला एक प्रयोग क्रीडाप्रशिक्षणात आजही सांगितला जातो. हाताच्या तीन वेगवेगळ्या हालचाली लोकांना शिकवायच्या होत्या. एका गटाने एक हालचाल पुरी घोटून मगच दुसरी घेतली. दुसऱ्या गटाने तिन्ही सरमिसळ करून केल्या. सरावाच्या वेळी पहिला गट सरस दिसला. काही दिवसांनी परीक्षा घेतली तेव्हा मात्र सरमिसळ करणारा गट पुढे होता. झेपेच्या सरावाला हे जसंच्या तसं लागू पडतं. एकच उडी वीस वेळा मारण्यापेक्षा चार वेगळ्या उड्या आळीपाळीने मारणं मनाला कमी समाधान देतं आणि शरीराला जास्त शिकवतं. गॅब्रिएले वुल्फ यांनी १९९८ मध्ये स्कीइंगच्या नकली यंत्रावर दाखवून दिलेली गोष्टही इथे उपयोगी पडते. स्वतःच्या पायांकडे लक्ष देणाऱ्यांपेक्षा पायांखालच्या यंत्राच्या चाकांकडे लक्ष देणारे लवकर शिकले. म्हणूनच 'गुडघा सरळ कर' यापेक्षा 'त्या होल्डची वरची कड बघ आणि तिच्यावर हात ठेव' ही सूचना भिंतीवर जास्त कामी येते.

होल्ड हाती आला म्हणजे काम झालं असंही नाही. वर जाण्याचा वेग शून्य झालेला असतो, पण आडवा वेग शिल्लक असतो आणि तो शरीराला होल्डखाली लोलकासारखं हेलकावतो. हा हेलकावा सुरू होण्याआधीच खांदा घट्ट हवा. सैल खांद्याने झटका घेतला तर तो सांध्यावर जातो. पोट आवळलेलं, पाय किंचित वर, आणि हेलकावा बाहेरच्या टोकाला गेल्यावर परतताना पाय शांतपणे भिंतीवर टेकवायचे. पुष्कळ झेपा पकडल्यानंतरच्या दुसऱ्या सेकंदाला सुटतात, त्या याच टप्प्यावर.

तंत्राचं हे इतकं सगळं एका बाजूला आणि भीती एका बाजूला. भीतीमुळे होते ती अर्धवट झेप. आरोहक झेपावतो, पण खालचा हात मनातून सोडत नाही. शरीर वर जाताना तो हात त्याला मागे ओढतो. अशी झेप कधीच पोहोचत नाही, आणि पडणंही वेडंवाकडं होतं, कारण पडायची तयारी केलेली नसते. मन लावून मारलेली आणि चुकलेली झेप तुलनेने सुरक्षित असते. म्हणून पडण्याचा सराव हा झेपेच्या सरावाचाच भाग धरावा लागतो: दोन्ही पायांवर उतरायचं, गुडघे वाकवायचे, पाठीवर गडगडत जायचं आणि तोल सावरण्यासाठी हात मागे टेकवायचा नाही. मनगटं मोडतात ती बहुतेक त्या मागे टेकलेल्या हातानेच.

इतिहासात झेपेचं तंत्र पुढे गेलं ते पडणं परवडतं अशाच ठिकाणी. गिल यांचे दगड बुटके होते. जॉर्गसनच्या कमरेला दोर होता. आणि क्रिस शर्मा या आरोहकाच्या खाली समुद्र होता. स्पेनच्या मायोर्का बेटाजवळ भूमध्य समुद्रात 'एस पोंतास' नावाची नैसर्गिक दगडी कमान उभी आहे. शर्माने २००६ मध्ये तिच्या खालच्या बाजूने दोराशिवाय चढाई केली. तिच्यातली झेप सुमारे दोन मीटरची. ती बसेपर्यंत तो पुनःपुन्हा पाण्यात पडला, पोहत परत आला, अंग कोरडं करून पुन्हा चढला. दगडावर ज्या उडीचे चार प्रयत्नही जिवावर बेतले असते, तिचे तिथे डझनावारी प्रयत्न करता आले. दहा वर्षांनी, २०१६ मध्ये, स्लोव्हेनियाच्या येर्नेई क्रूडरने ती चढाई दुसऱ्यांदा पूर्ण केली.

ताकदीचा विषय टाळून चालणार नाही, कारण बोटं कमजोर असतील तर वेळ साधूनही होल्ड टिकत नाही. या बाबतीत सर्वांत मोठं नाव जर्मनीच्या वोल्फगांग गुलिश यांचं. १९८८ च्या सुमारास नुरेम्बर्गमधल्या एका व्यायामशाळेत त्यांनी लाकडी पट्ट्यांची एक झुकलेली शिडी बसवली आणि पाय न लावता, बोटांच्या टोकांवर, एकेका पट्टीवर झेपावत वर जाण्याचा व्यायाम सुरू केला. व्यायामशाळेच्या नावावरून त्या शिडीला 'कॅम्पस बोर्ड' म्हणू लागले. १९९१ मध्ये फ्रांकेनयुरा भागात त्यांनी 'आक्सिऑन दिरेक्त' ही चढाई केली. तिची सुरुवातच एका झेपेने होते, आणि जिथे पोहोचायचं तिथे दोन बोटं मावतील एवढंच भोक आहे. ९ए ही काठिण्यश्रेणी जगात पहिल्यांदा गाठली ती इथेच, असं बराच काळ मानलं गेलं. पुढच्याच वर्षी गुलिश मोटार अपघातात गेले.

त्यांची शिडी मात्र जगभर पोहोचली आणि तिच्याबरोबर दुखापतीही. बोटांच्या हाडांशी स्नायुबंध धरून ठेवणारे पट्टे असतात. ते झटक्याने फाटतात तेव्हा आवाजसुद्धा ऐकू येतो. वाढीच्या वयातल्या मुलांचा धोका आणखी वेगळा आहे. त्यांच्या बोटांच्या हाडांतल्या वाढीच्या चकत्या अजून कूर्चेच्या असतात, आणि वारंवार पडणाऱ्या ताणाने त्यांना तडे जाऊ शकतात. हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत मुलांना कॅम्पस बोर्डवर झेपा घ्यायला लावू नये, असं क्रीडावैद्यक सांगतं. ज्या पालकांची मुलं क्लाइंबिंग वॉलवर जातात त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. मुलाच्या बोटाचं मधलं पेर आठवडाभर दुखत असेल, तर विश्रांती आणि डॉक्टर, याला तिसरा पर्याय नाही.

स्पर्धांनी या तंत्राला नवं वळण दिलं. बोल्डरिंगचा विश्वचषक १९९९ पासून सुरू आहे, आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत तिथल्या भिंती ओळखू येणार नाहीत इतक्या बदलल्या. धावत येऊन पहिल्या होल्डवर पाय टाकायचा, तिथून दुसऱ्यावर, तिथून हात, आणि हे सगळं न थांबता, कारण कोणत्याच होल्डवर उभं राहणं शक्य नाही. नवी मुंबईत २०१६ आणि २०१७ मध्ये 'गिरिविहार' या मुंबईच्या जुन्या संस्थेने या विश्वचषकातली एक स्पर्धा भरवली, तेव्हा मराठी प्रेक्षकांना हे घराजवळ पाहायला मिळालं. अंतिम फेरीत एका समस्येला, म्हणजे भिंतीवर रचलेल्या एका चढाईला, चार मिनिटं मिळतात. तेवढ्यात आधी कधी न केलेली झेप ओळखायची, करायची, चुकल्यास सुधारायची. बर्नस्टाइनने सांगितलेली नव्याने उत्तर काढण्याची क्षमता इथे शब्दशः तपासली जाते.

यातून एक खरा वाद उभा राहिला आहे. पॅरिस ऑलिंपिकमध्ये १० ऑगस्ट २०२४ रोजी महिलांच्या अंतिम फेरीत जपानची आय मोरी पहिल्या बोल्डरच्या सुरुवातीच्या होल्डपर्यंतच पोहोचू शकली नाही. तिची उंची १५४ सेंटिमीटर. ती पुनःपुन्हा उडी मारत राहिली आणि त्या समस्येवर तिला शून्य मिळालं. त्यानंतर दोराच्या लीड चढाईत तिने अंतिम फेरीतले सर्वाधिक गुण मिळवले, तरी एकूण क्रमांक चौथाच आला. भिंत रचणाऱ्यांनी उंचीचा विचार करायला हवा होता असं अनेकांनी म्हटलं; तिथे उडीचं तंत्र तपासायचं होतं, असं इतरांनी. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण पहिल्याच होल्डवर खेळाडूचा प्रश्न उंचीवर येऊन संपत असेल, तर ती रचना सदोष मानायला हवी. नैसर्गिक कातळाला असा दोष देता येत नाही. तिथे बुटक्या आरोहकाला गती हाच आधार उरतो आणि पुष्कळदा तो पुरतो. योसेमिटीतली 'मिडनाइट लाइटनिंग' ही दगडावरची प्रसिद्ध चढाई रॉन कॉकने १९७८ मध्ये केली. तिच्यात मधला होल्ड गतीनेच गाठावा लागतो. १९९८ मध्ये जेमतेम १५७ सेंटिमीटर उंचीच्या लिन हिलने ती पूर्ण केली, असं करणारी ती पहिली महिला. हिलचीही सुरुवातीची तालीम जिम्नॅस्टिक्सची होती, गिल यांच्यासारखीच.

आता सह्याद्रीचं. इथला बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, थरांवर थर साचलेला. पावसाळ्याने खिळखिळ्या केलेल्या कपारी, गवताखाली दडलेले सुटे दगड, हातात निघून येणारे कपचे. योसेमिटीच्या किंवा हम्पीच्या ग्रॅनाइटवर होल्ड टिकणार हे गृहीत धरता येतं. सुळक्यावरच्या चढाईत तसं धरता येत नाही. ज्या होल्डला हात लावून पाहिलेला नाही त्याच्यावर सगळं शरीर फेकणं म्हणजे त्या दगडाच्या मर्जीवर जाणं, आणि तो दगड सुटला तर खाली दोर सांभाळणाऱ्या साथीदारावरही पडतो. म्हणून तीन आधारांचा जुना धडा इथे अजूनही कामाचा आहे. गती शिकायची ती गादी घातलेल्या भिंतीवर, किंवा तपासलेल्या बुटक्या दगडावर, खाली क्रॅश पॅड म्हणजे जाड गादी टाकून आणि शेजारी जाणकार साथीदार उभा करून. कड्यावर गेल्यावर त्या शिक्षणातलं पायांनी उठणं आणि कंबर आत नेणं तेवढं बरोबर न्यावं, पाय कातळावरच ठेवावेत, आणि हात टाकायचा तो आधी ठोकून पाहिलेल्या होल्डवरच.